दुधी काचेची मोटर

रिंगताईचं एक वाक्य बोलायचं राहिलं होतं. चौदा वर्षं राहिलं होतं. वाक्य काही मोठं नव्हतं, चहाचा पहिला घोट घेण्याआधी सहज बोलून होईल एवढंच. पण माणसाच्या घशात भाषणं अडकत नाहीत, अशी चार-पाच शब्दांची वाक्यंच अडकतात. ज्याला ते सांगायचं तो माणूस त्याच शहरात राहत होता, दोन बस बदलल्या की त्याचं घर. आणि ताई काही मुखदुर्बळ बाई नव्हे. प्रत्यक्ष मालकाला तोंडावर "तुम्हाला स्क्रू आणि खिळा यातला फरक कळत नाही" असं सुनावणारी. तरीही ते वाक्य राहिलं ते राहिलंच.

तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. सिनेमाचे आणि व्हिडिओचे कॅमेरे भाड्याने देणाऱ्या एका दुकानात ती भिंगांची देखभाल करायची. एका जातीच्या कॅमेऱ्याचं भिंग दुसऱ्या जातीच्या कॅमेऱ्याला बसावं म्हणून मध्ये जी धातूची कडी लागते, ती लेथवर कातायची. त्या कड्यांना सगळे रिंगा म्हणत, म्हणून ती रिंगताई. हे नाव कुणी ठेवलं यावरून दुकानात दोन तट होते. मालक म्हणायचे, मी. दुकानात नेहमी येणारा कॅमेरामन दादा म्हणायचा, मी. ताईला विचारलं तर ती म्हणायची, "दोघंही थापा मारतात."

तिचा बाप घड्याळजी. लहानपणी शेजारच्या मुली भातुकली खेळायच्या तेव्हा ही बापाच्या स्टुलाशेजारी बसून चिमट्याने केसाएवढ्या स्प्रिंगा उचलायची. शिंक आली की टेबलाकडून तोंड फिरवायचं, हा तिच्यावर झालेला पहिला संस्कार. बाविसाव्या वर्षी ती दुकानात भिंगं पुसायला म्हणून लागली. मालकांनी विचारलं, "याआधी काही नाजूक काम केलंय?" तिने बापाचं बंद पडलेलं मनगटी घड्याळ त्यांच्यासमोर उघडलं, चालू केलं आणि परत झाकण लावून दिलं. मालकांनी पुढे काही विचारलं नाही.

दुकान पहिल्या मजल्यावर होतं. खाली छपाईचा कारखाना, त्यामुळे दिवसभर फरशी बारीक थरथरायची आणि जिन्यात शाईचा वास. ताईची खोली अगदी मागची. एक खिडकी, एक लेथ, काचेच्या दारांचं कपाट आणि कपाटात सिनेमाची भिंगं, कापडात गुंडाळून ओळीने. ती भिंगं म्हणजे तिची लेकरंच. अठरा, पंचवीस, पस्तीस, पन्नास, पंच्याहत्तर, मिलिमीटरमधली मापं हीच त्यांची नावं. पन्नासवर तिचा विशेष जीव. "माणसाचा चेहरा बघावा तर पन्नासमधून," ती म्हणायची, "बाकीची भिंगं उगाच खुशामत करतात."

दादा तिथेच भेटला. तो टीव्हीच्या एका संस्थेत कॅमेरामन होता आणि भिंगं भाड्याने न्यायला यायचा. पहिल्याच खेपेला त्याने परत आणलेल्या भिंगावर अंगठ्याचा ठसा होता. ताईने तो ठसा उजेडात धरून त्याला दाखवला आणि म्हणाली, "हा तुमचा अंगठा. हवा असेल तर कागदावर उमटवून देते, घरी न्या." तो चांगला सहा फूट उंच, आवाजाने खोली भरून टाकणारा माणूस. पण त्या दिवशी शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला. दुसऱ्या खेपेला भिंगं लखलखीत आली, सोबत बिस्किटांचा पुडा. महिन्याभरात तो तिचा दादा झाला आणि ती त्याची "कारागीर". त्याची बायको ताईची वहिनी झाली. ताईचा नवरा मोटार चालवायला शिकवायचा. घरात कुणी घाईने चहा ओतू लागलं तरी त्याचा पाय आपोआप नसलेला ब्रेक दाबायचा. दादाने त्याची नक्कल केली की दोन्ही घरं पोट धरून हसायची. ताईच्या बापाशी तर दादाचं वेगळंच गूळपीठ. सुट्टीच्या दिवशी तो म्हाताऱ्याच्या स्टुलाशेजारी येऊन बसे आणि दोघं तासन् तास एक शब्द न बोलता घड्याळं बघत. बोलक्या माणसाला गप्प बसायला जागा लागते, असं वहिनी म्हणायच्या.

मग फिल्मचा जमाना आटला. एकदम नव्हे, नळाचं पाणी जातं तसा. आधी धार बारीक झाली आणि मग एक दिवस नुसताच आवाज. फिल्मचे मोठे कॅमेरे पेट्यांत गेले आणि फडताळावर व्हिडिओचे कॅमेरे आले. सोय बघाल तर उत्तम. टेप घाला, बटण दाबा, लगेच बघा. पण त्यांच्या पोटातली चित्र टिपणारी चिप नखाएवढी, आणि तिच्यावर पडणाऱ्या चित्रात नाकापासून मागच्या भिंतीपर्यंत सगळं सारखंच धारदार. माणूस रडतोय की मागचं कॅलेंडर फडफडतंय, कॅमेऱ्याला दोन्ही सारखंच. दादा वैतागायचा. "अगं, प्रेमाचा प्रसंग असो की पूर आलेला असो, सगळं बातम्यांसारखं दिसतं!" आणि सिनेमाची भिंगं कपाटात पडून. ताई दर आठवड्याला ती काढायची, पुसायची, फिरवायची आणि परत ठेवायची. कुणी न्यायला येत नाही अशा वस्तू पुसत बसण्यासारखं दुःख नाही.

सिनेमाचं भिंग व्हिडिओच्या कॅमेऱ्याला नुसत्या कडीने जोडून भागत नव्हतं. भिंग जे चित्र टाकतं ते मोठं, आणि चिप एवढीशी. तिला त्यातला मधला तुकडाच मिळायचा. तेव्हा परदेशातून एक युक्ती आली. नळीच्या पुढच्या तोंडाला सिनेमाचं भिंग, नळीच्या मध्ये एक दुधी काच. भिंगातलं चित्र त्या दुधी काचेवर पडद्यासारखं पडायचं, आणि मागून व्हिडिओचा कॅमेरा एका छोट्या भिंगातून ते पडद्यावरचं चित्र टिपायचा. म्हणजे चित्राचं चित्र. पण त्यात पुढचा चेहरा ठसठशीत आणि मागचं जग लोण्यासारखं विरघळलेलं, अगदी सिनेमात दिसतं तसं. तयार यंत्र आणायला मालक राजी नव्हते. दादा म्हणाला, "कारागीर, तू कर."

तिने केलं. दोन हिवाळे लागले. नळी लेथवर कातली, काच स्वतः दगडाच्या बारीक पुडीने घासली. पुडी जरा जाड झाली की काच फुकट, अशा अकरा काचा गेल्या. पुढे कळलं, काच कितीही बारीक घासली तरी तिचा स्वतःचा दाणा चित्रात दिसतोच, चेहऱ्यावर वाळू भुरभुरल्यासारखा. त्यावर उपाय एकच, काच हलती ठेवायची. पंखा फिरताना त्याची पाती दिसत नाहीत, तसा हलत्या काचेचा दाणा दिसत नाही. मग तिने खेळण्यातली एक मोटर बसवली. कुणाच्या खेळण्यातली, हे तिच्या धाकट्या भाच्याला विचारा. तो अजून राग धरून आहे.

पहिली चाचणी दुकानातच झाली. या यंत्रातून चित्र उलटं यायचं, डोकं खाली आणि पाय वर. त्यावर दादाचा तोडगा सरळसोट. त्याने छोटा टीव्हीच टेबलावर उलटा ठेवला. मालकांना खुर्चीत बसवलं, मागे खिडकीत कुंडी. पन्नासचं भिंग. टीव्हीवर मालकांचा चेहरा उमटला आणि मागची कुंडी, खिडकी, पलीकडची घरं, सगळं मऊ रंगांचं होऊन मागे सरलं. मालकांनी जागेवरूनच मान वेळावून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "मी इतका थकलोय हे मला कुणी सांगितलं का नाही?" कोणी हसलं नाही. त्या संध्याकाळी दादा दोन्ही घरच्यांना घेऊन जेवायला गेला आणि वाढप्यापासून शेजारच्या टेबलापर्यंत सगळ्यांना सांगत सुटला, "ही आमची कारागीर. हिने कॅमेऱ्याला डोळे बसवले." ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं सांगायचं तर आयुष्यातली तिची सगळ्यात सुखाची संध्याकाळ तीच. लग्नाच्या दिवसापेक्षाही. नवऱ्याला हे माहीत आहे आणि त्याची काही तक्रार नाही.

पुढची चार वर्षं त्या दोघांनी ते यंत्र घेऊन रान उठवलं. संस्थेचे निम्मे कार्यक्रम त्यावर झाले. यंत्राच्या खोड्या फक्त ताईलाच ठाऊक, म्हणून दादा तिलाही सोबत न्यायचा. एका यंत्रात दोन फोकस. पुढच्या भिंगाचा एक, तो दादा सांभाळी. मागचा कॅमेऱ्याचा, जो नेमका दुधी काचेवर बसलेला हवा, तो ताईच्या ताब्यात. तो मागचा फोकस धक्क्याने केसभर जरी सरकला तरी सगळंच चित्र मवाळ पडायचं, आणि छोट्या टीव्हीवर ते कळायचंही नाही. म्हणून ताईने एक रीत घालून दिली होती. प्रत्येक शॉटच्या आधी मोटर बंद करायची. काच थांबली की तिचा दाणा दिसतो. दाणा स्वच्छ दिसला म्हणजे मागचा फोकस बरोबर. मग तो सरकू नये म्हणून चिकटपट्टी लावायची आणि मोटर परत चालू. दादा ओरडायचा, "दाणा?" ती उत्तर द्यायची, "बघितला!" मग शॉट. चार वर्षांत हे किती हजार वेळा झालं असेल, देव जाणे. लोक त्यांना चिडवायचे, दाणेवाले म्हणायचे. दोघांनाही ते आवडायचं.

आणि मग त्या म्हाताऱ्या नटीचा दिवस उजाडला.

एके काळी रंगभूमी गाजवलेली बाई. ऐन भरात असताना तिने काम सोडलं. का सोडलं हे तीस वर्षांत कुणाला सांगितलं नाही. संस्थेने वर्षभर पिच्छा पुरवला तेव्हा कुठे ती तयार झाली, तीही एका अटीवर. "एकदा सांगीन. परत सांगायला लावलंत तर ते नाटक होईल, आणि नाटक मी सोडलंय."

तिच्या बैठकीत कॅमेरा लावला. पन्नासचं भिंग. खोली लहान आणि शांत, त्यामुळे ध्वनिमुद्रण करणारा गृहस्थ कुरकुरायला लागला. त्याच्या कानात मोटर डासासारखी गुणगुणत होती. ताईने यंत्राला जाड कापडाचे दोन वेढे दिले. गुणगुण थांबली. पण त्या कापडाखाली मोटरचा इवलासा लाल दिवाही झाकला गेला, हे तिच्या लक्षात आलं नाही. एरवी तिचा कान मोटरवर आणि डोळा दिव्यावर असायचा. त्या दिवशी दोन्ही बुजले.

दादा म्हणाला, "दाणा?"

तिने कापडाखाली बोट घालून मोटर बंद केली. दाणा बघितला, स्वच्छ होता. चिकटपट्टी लावली. तेवढ्यात म्हातारीने पाण्याचा पेला मागितला. पेला ताईच्याच हाताशी होता, तिने तो नेऊन दिला. परत येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बघितला!"

म्हातारी बोलायला लागली. एका प्रयोगात, दुसऱ्या अंकात, ती अख्खं पान विसरली होती. तोंडाला येईल ते बोलत गेली. ना शेंडा ना बुडखा. "आणि टाळ्या पडल्या," ती म्हणाली. "कुणालाही कळलं नाही. समोर आठशे माणसं बसलेली, एकालाही नाही. मी घरी आले आणि घाबरले. मला वाटलं, म्हणजे इतकी वर्षं मी बरोबर बोलत होते तेही कुणाला कळत नसणार." एवढं बोलून ती हसली. ते हसू असं होतं की खोलीत कुणी श्वासही मोठ्याने घेतला नाही. बावीस मिनिटं, एका दमात. मग तिने पदर झटकावा तसे हात झटकले आणि म्हणाली, "झालं. आता चहा घ्या आणि जा."

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या संकलनाच्या खोलीत मोठ्या पडद्यावर ते चित्र लागलं. म्हातारीचा चेहरा, आणि त्या चेहऱ्यावर ठिपक्यांची जाळी. ती मान वळवी, हात हलवी, पण जाळी जागच्या जागी. बावीसच्या बावीस मिनिटं. ताईला काय झालंय ते पहिल्याच क्षणी कळलं. मोटर बंद होती. दाणा बघायला तिने ती बंद केली, पाण्याचा पेला नेऊन दिला आणि चालू करायची विसरली. जिने रीत घालून दिली, तिच्याच हातून.

संस्थेचे मोठे साहेब खुर्चीतून उठले. "चूक कुणाची?"

ताईने तोंड उघडलं. तोंड उघडलं एवढं तिला आजही लख्ख आठवतं. पण त्याआधीच दादा बोलला, "माझी. मी बघायला हवं होतं." आणि साहेबांनी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. उघडलेलं तोंड तिने मिटलं.

कार्यक्रम कसाबसा झाला, जुन्या फोटोंवर म्हातारीचा नुसता आवाज. यंत्र वापरायचं नाही असा हुकूम निघाला आणि ते ताईच्या कपाटात येऊन पडलं. दादाची बदली स्टुडिओत झाली. तिथे कॅमेरे ठोकून बसवलेले आणि समोर बातम्या वाचणारी माणसं. ज्याला सगळंच बातम्यांसारखं दिसतं म्हणून राग यायचा, तो आता बातम्याच दाखवू लागला. स्टुडिओला भाड्याची भिंगं लागत नाहीत, म्हणून त्याचं दुकानात येणं सुटलं.

ताई ठरवायची, या रविवारी जाऊ आणि सांगून टाकू. मग वाटायचं, तो इतका नाराज असेल तर? चूक माझी, शिक्षा त्याला, आणि मी तिथे मूग गिळून बसलेले. त्याने यावं अशी अपेक्षा तरी कोणत्या तोंडाने करायची? एक रविवार गेला, मग वर्ष गेलं. पहिल्या वर्षी जे वाक्य हलकं होतं ते पाचव्या वर्षी उचलेना. सहाव्या वर्षी तिचा बाप गेला. सगळे आले. मालक आले, दुकानातली पोरं आली, वहिनीही आल्या आणि तिला कवटाळून रडल्या. "हे गावाला गेलेत," इतकंच म्हणाल्या. ताईने ते मनावर कोरून घेतलं. ज्या म्हाताऱ्याशेजारी तो तासन् तास बसायचा, त्याच्यासाठीही आला नाही. म्हणजे संपलं, असं तिने धरून चालायला सुरुवात केली.

दरम्यान नवे कॅमेरे आले. त्यांची चिपच सिनेमाच्या फिल्मएवढी मोठी. आता मध्ये ना दुधी काच लागते, ना मोटर. एक साधी कडी घातली की पन्नासचं भिंग खटकन बसतं, चित्रही सुलटं. ताईची भिंगं परत बाहेर पडली. तरुण मुलं न्यायला येऊ लागली आणि भिंगांवर अंगठे उमटवू लागली. ताईने त्यांनाही फैलावर घेतलं, पण त्यात मजा उरली नव्हती. बिस्किटांचा पुडा कुणीच आणला नाही.

ती निवृत्त झाली त्या दिवशी मालकांनी तिच्या हातात एक खोकं दिलं. आत तेच यंत्र. "हे तुझंच," मालक म्हणाले. त्यांचा आवाज जरा कापला, पण ते वयामुळेही असेल.

खोकं घरी फ्रिजवर जाऊन बसलं. पाचव्या दिवशी नवरा म्हणाला, "हे बघ, एकतर ते त्याला नेऊन दे, नाहीतर मी त्यात पेन ठेवायला लागतो."

"आता कशाला?"

"मी तीस वर्षं लोकांना गाडी शिकवतोय," तो म्हणाला. "जो चौकात थांबून राहतो ना, त्याच्यामुळेच सगळं अडतं. निघ."

ती दुपारी निघाली. दोन बस बदलल्या. त्या इमारतीचा रंग बदलला होता, जिना तोच. दार वहिनींनी उघडलं. केस पांढरे, चष्मा नवीन. त्यांनी ताईकडे बघितलं, खोक्याकडे बघितलं आणि आत वळून मोठ्याने म्हणाल्या, "अहो, बघा कोण आलंय. आणि आता संडासात जाऊन बसू नका!"

दादा बाहेर आला. सहा फुटांचा माणूस खांद्यातून वाकला होता. हातात ओला फडका, बहुतेक भांडी पुसत असावा. तो दारातच थांबला.

"कारागीर," तो म्हणाला. आवाजाने खोली भरली नाही.

ताई बसली नाही. बसली असती तर हवापाण्याच्या गप्पा सुरू झाल्या असत्या, आणि ते वाक्य पंधराव्या वर्षात गेलं असतं. उभ्या उभ्याच ती म्हणाली, "दादा, त्या दिवशी मोटर मी बंद ठेवली होती. चालू करायची विसरले. चूक माझी होती."

झालं. सांगून झालं. इतकं लहान वाक्य, तिला स्वतःलाच लाज वाटली.

दादाने फडका खुर्चीच्या पाठीवर टाकला. "मला माहीत होतं," तो म्हणाला.

"कधी कळलं? संकलनाच्या खोलीत?"

"शॉट चालू असतानाच. बाईंनी दुसरं वाक्य घेतलं तेव्हा. त्यांच्या गालावर एक ठिपका होता. त्या हलल्या, ठिपका हलला नाही. तेव्हाच कळलं, काच थांबलीये."

"मग थांबवलं का नाहीस?"

"कसं थांबवू? त्या बोलत होत्या ना." तो खाली बसला. "थांबा म्हणायला तोंड उघडलं होतं मी. पण तीस वर्षांनी बोलत होती गं ती बाई. मी थांबवलं असतं तर उठून आत गेली असती. मला वाटलं, जाळी तर जाळी, पण हे राहू दे. साहेबांना म्हणालो ना, चूक माझी? तुला वाचवायला नव्हतो म्हणालो. खरंच सांगत होतो."

ताईला खुर्ची शोधावी लागली.

"आणि मग त्यांनी तुझं यंत्र बाद केलं," दादा म्हणाला. "दोन हिवाळे घालून केलेलं. माझ्यामुळे. मी एक शब्द बोललो असतो तर ते वाचलं असतं. कोणत्या तोंडाने येणार होतो तुझ्याकडे?"

"मला वाटलं, तू माझ्यावर रागावलास."

"मला वाटलं, तू."

स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, "आणि मला वाटलं, दोघंही ठार वेडे आहेत. माझं तेवढं बरोबर निघालं."

पण ताईला हसू आलं नाही. तिला राग आला. इतक्या वर्षांचा, नेमका कुणावर ते न कळणारा. "बाबा गेले तेव्हाही आला नाहीस," ती म्हणाली. "त्यांच्यावर तर राग नव्हता ना तुझा?"

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. नवऱ्याकडे बघून त्यांनी नुसती मान हलवली, सांगा आता, अशी.

"आलो होतो," तो म्हणाला. "स्मशानाच्या फाटकापाशी, लोकांच्या मागे उभा होतो. तू हिच्या गळ्यात पडून रडत होतीस. पुढे यायला पाय उचलायला गेलो, पण उचललाच नाही गं तो. तुम्ही सगळे परत फिरलात तेव्हा मी निघून गेलो. हिला सांगितलं होतं, विचारलं तर गावाला गेलेत म्हण."

ताईने तोंड दोन्ही हातांत झाकून घेतलं. ती मोठ्याने रडली, लहान मुलं रडतात तशी, हुंदके देत. वहिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. बाप गेल्याचं दुःख तिने आठ वर्षं अर्धंच केलं होतं. उरलेलं अर्धं तिने या माणसाला बोल लावण्यात घालवलं, आणि तो तर तिथेच उभा होता.

रडणं ओसरल्यावर तिने नाक पुसलं. "दादा, तू मला त्याच दिवशी ओरडायला हवं होतंस," ती म्हणाली. "मी भिंगावरच्या अंगठ्यासाठी तुला ओरडले होते, तसं. एकदा ओरडला असतास तर मी दुसऱ्या दिवशी तुझ्या घरी जेवायला आले असते."

"आता ओरडू?"

"ओरड."

दादा उठला. खांदे जरा सरळ केले. छातीत श्वास भरला, आणि जुना आवाज निघेल अशा बेताने बोट रोखून म्हणाला, "मोटर चालू करायची अक्कल नव्हती का तुला?" पण अक्कल या शब्दाशी पोचेपर्यंत आवाज फाटला आणि पुढचे शब्द त्याच्या डोळ्यांतूनच आले.

"नव्हती, दादा," ताई म्हणाली. "खरंच नव्हती."